'फोक' म्हणजे काय रे भाऊ? अमेरिकेत एक, विलायतेत दुसरंच

माझी आजी वाईकडची. तिच्याकडून कानावर पडलेल्या दोन-चार जात्यावरच्या ओव्या मला येतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या. आवाज बरा, गाण्याचं शिक्षण शून्य. एवढ्याशा भांडवलावर मी एकच ओवी दोन देशांत, अनोळखी माणसांसमोर म्हटली आहे.

पहिल्यांदा बॉस्टनजवळच्या एका गावात. तिथे चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा 'साँग सर्कल' भरायचं. घडीच्या खुर्च्या गोलात मांडलेल्या, पंधरा-एक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, आणि प्रत्येकाच्या मांडीवर स्पायरल बाइंडिंगचं तेच एक जाडजूड पुस्तक. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, यातलं मला काही येत नाही. "मग तुझ्या मनातलं काहीही म्हण." मी डोळे मिटून 'पहिली माझी ओवी' सुरू केलं. संपल्यावर शेजारच्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "हे म्हणताना तुला काय वाटतं गं?" तोवर पलीकडचे गृहस्थ गिटारवर सूर चाचपायला लागले होते. त्यांना ती ओळ शिकून लगेच सगळ्यांकडून म्हणवून घ्यायची होती.

दुसऱ्यांदा शेफील्डमध्ये, काही वर्षांनी. एका पबच्या वरच्या मजल्यावरची खोली. तीच ओवी, तोच माझा कापरा आवाज. टाळ्या झाल्या. मग बैठक चालवणाऱ्या आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "कुठल्या भागातली ही? कोणाकडून घेतलीत? दळताना एकटीने म्हणायची की समोरासमोर बसून दोघींनी?" उत्तरं त्यांनी खिशातल्या वहीत लिहूनही घेतली.

अमेरिकन बाईंनी विचारलं ते माझ्याबद्दल, इंग्रज आजोबांनी विचारलं ते गाण्याबद्दल. पुढे दोन्हीकडच्या मंडळींत बरंच बसणं-उठणं झालं, तेव्हा लक्षात आलं की हा दोन माणसांच्या स्वभावातला फरक नव्हता. त्याला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे.

शब्द एक, माल वेगळा

आपण 'लोकसंगीत' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर ओवी, भारूड, पोवाडा येतो. कोणी रचलं ते बहुधा ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी गाणं गावाचं झालेलं असतं. ब्रिटनमध्ये 'फोक' म्हटलं की साधारण हेच अभिप्रेत असतं. तिथल्या सीडीवर गाण्याखाली 'ट्रॅड. अरेंज्ड बाय' अमुक असं छापलेलं दिसतं. म्हणजे गाणं परंपरेचं, मांडणी फक्त आमची.

अमेरिकेत मात्र कोणी 'मी फोक सिंगर आहे' म्हणालं, तर त्याने गेल्या आठवड्यात स्वतः लिहिलेलं गाणं गिटारवर ऐकवण्याची शक्यता जास्त. टेक्सासमध्ये १९७२पासून भरणारा केरव्हिलचा महोत्सव घ्या. तंबू ठोकून माणसं दोन-अडीच आठवडे तिथे राहतात आणि रात्रभर शेकोट्यांभोवती एकमेकांना आपापली नवी गाणी ऐकवतात. हे सगळं तिथे बिनदिक्कत 'फोक'. शेफील्डच्या आजोबांच्या लेखी हा निराळा व्यवसाय.

मग अमेरिकेतल्या डोंगरदऱ्यांतलं जुनं, निनावी संगीत गेलं कुठे? ते आहे आणि जोरात आहे. फक्त ते स्वतःला 'फोक' म्हणवत नाही. ते 'ओल्ड-टाइम', 'ब्लूज', 'केजन', 'गॉस्पेल' अशा वेगवेगळ्या घरांत राहतं. ही घरं बऱ्याच अंशी रेकॉर्ड कंपन्यांनी बांधली. १९२०मध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ब्लूजची तबकडी तुफान खपली, तशी कंपन्यांनी 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी यादी काढली. १९२३मध्ये अटलांटाच्या फिडलिन जॉन कार्सनची तबकडी चालली, तशी गोऱ्या खेडुतांसाठी 'हिलबिली' अशी दुसरी यादी आली. १९२७मध्ये राल्फ पीअर नावाचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस ब्रिस्टलला ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन बसला. इंग्लंडमधलं ब्रिस्टल नव्हे बरं का. हे टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या हद्दीवरचं, जिथे दोन राज्यांची सीमा गावच्या मुख्य रस्त्याच्या मधून जाते. तिथे त्याला कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स सापडले आणि कंट्री संगीताचा धंदा उभा राहिला. गोऱ्या-काळ्या शेजाऱ्यांची गाणी, चाली, वाद्यं एकमेकांत मिसळलेली होती. दुकानात मात्र ती वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवली गेली, आणि पुढे लोकही आपलं संगीत त्या फळ्यांप्रमाणेच ओळखू लागले.

वही-पेन्सिल आणि तबकडी

माझ्या मते खरी मेख इथे आहे: दोन्ही देशांत गाणी गोळा कशी झाली यात.

इंग्लंडमधलं मोठं नाव सेसिल शार्प. पेशाने संगीतशिक्षक. १९०३मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एका परिचिताकडे गेला असता त्याने माळ्याला काम करता करता गाताना ऐकलं. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. (कादंबरीकाराने असं नाव दिलं असतं तर आपण नाकं मुरडली असती.) शार्पने चाल तिथेच टिपून घेतली आणि पुढची वीस वर्षं तो वही-पेन्सिल घेऊन खेडोपाडी म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी उतरवत हिंडला. लोकगीतांसाठीची संस्था १८९८पासूनच होती. शार्पने १९११मध्ये लोकनृत्यांची काढली, १९३२मध्ये दोन्ही एक झाल्या. लंडनच्या कॅम्डन भागात त्याच्या नावाची इमारत आहे आणि तिच्यातलं ग्रंथालय म्हणजे या मंडळींचं पंढरपूर.

आता गंमत बघा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या कथागीतांची सगळ्यात गाजलेली यादी इंग्रजाने केलेली नाही. ती हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी अमेरिकेत बसून केली. १८८२ ते १८९८ या काळात ती छापली गेली आणि तिच्यात ३०५ कथागीतं आहेत. आजही इंग्लंडच्या पबमध्ये कोणी "हे चाइल्ड ८४" म्हणालं की जाणकार माना डोलावतात. ८४ म्हणजे 'बार्बरा ॲलन'. सॅम्युअल पीप्सने १६६६च्या जानेवारीत एका नटीच्या तोंडून ऐकून रोजनिशीत नोंदवलं, तेच हे गाणं. आणि अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतली गाणी गोळा करायला गेला कोण, तर हाच इंग्रज शार्प. १९१६ ते १९१८ या महायुद्धाच्या काळात, दमेकरी प्रकृती सांभाळत, मॉड कार्पेलिस या सहायिकेसोबत तो एकूण ४६ आठवडे त्या डोंगरांत फिरला आणि दीड हजारांहून जास्त चाली उतरवल्या. नॉर्थ कॅरोलिनातल्या हॉट स्प्रिंग्ज गावच्या जेन हिक्स जेन्ट्री या एकट्या बाईने त्याला साठाहून अधिक गाणी दिली. इंग्लंडमध्ये विझत आलेलं डोंगरातल्या झोपड्यांत जिवंत सापडलं, याचा त्याला कोण आनंद! पण त्याला हवं होतं ते इंग्लंडच. त्याच डोंगरांतली भजनं, बँजो, कृष्णवर्णीयांची गाणी याकडे त्याने जवळपास पाठच फिरवली.

अमेरिकेत जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा ॲलन यांनी दुसरा रस्ता धरला. १९३३मध्ये ते गाडीत तीनशे पौंडांहून जड ध्वनिमुद्रणयंत्र घालून दक्षिणेतल्या तुरुंगांतून हिंडले. जगापासून तुटलेल्या कैद्यांकडे जुनी गाणी शाबूत असतील, असा त्यांचा होरा होता. लुइझियानाच्या अँगोला तुरुंगात त्यांना हडी लेडबेटर भेटला, ज्याला जग 'लेड बेली' म्हणून ओळखतं.

शार्पच्या वहीत माळ्याची चाल राहिली, माळ्याचा आवाज राहिला नाही. तिथून पुढे जो ते गाणं शिकला तो कागदावरून शिकला. गाणं सुटं झालं, कोणीही आपल्या गळ्यात घ्यावं. लोमॅक्सच्या तबकडीवर मात्र लेड बेली स्वतः होता. त्याचा श्वास, त्याची बारा तारांची गिटार, त्याची जरब. गाणं त्या माणसापासून सोलून काढता येईना. १९५२मध्ये हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाने विसाच्या-तिसाच्या दशकांतल्या बाजारी तबकड्यांतून ८४ निवडून एक संग्रह काढला. न्यू यॉर्कची पोरं त्यावर वेडी झाली. ती नुसती गाणी शिकत नव्हती, ती त्या माणसांसारखं गायला शिकत होती. तिथून 'मग मी माझ्यासारखं का गाऊ नये' आणि 'मग माझंच का लिहू नये' हे अंतर फार नव्हतं. वूडी गथ्री या स्वतःची गाणी लिहून गाणाऱ्या गायकाने ते आधीच कापलं होतं, बॉब डिलनने त्याच्या पावलावर पाऊल टाकलं.

एवढं सरळ गणित नाही, हे कबूल. बीबीसीनेही १९५२पासून पाचेक वर्षं खेडोपाडी ध्वनिमुद्रणं केली आणि ब्रिटिश गायक ती ऐकून शिकले. स्कॉटलंडचं तर प्रकरणच निराळं. तिथे हेमिश हेंडरसनसारख्या माणसाने भटक्या जमातींच्या पालांवर जाऊन गाणारे शोधले, आणि १९५१मध्ये एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेल्या संशोधनकेंद्राने ते जतन केले. पण इंग्लंडच्या बैठकीत आजही गाण्याआधी 'हे कुठून आलं' सांगायची जी रीत आहे, तिच्या तळाशी शार्पची वही आहे, असं मला वाटतं.

"आपलं म्हणा की राव"

पन्नाशीच्या दशकात उलटी गंगा वाहिली. डाव्या मंडळींच्या मागे लागलेल्या अमेरिकेत ॲलन लोमॅक्सचं नाव काळ्या यादीत आलं आणि १९५०मध्ये तो युरोपात निघून आला. पुढची आठ वर्षं मुक्काम बहुतेक ब्रिटनमध्ये. १९५६मध्ये लॉनी डोनेगन या ग्लासगोत जन्मलेल्या तरुणाने लेड बेलीकडून आलेलं 'रॉक आयलंड लाइन' गाजवलं आणि 'स्किफल'ची साथ आली. एक स्वस्त गिटार, आईचा कपडे घासायचा पत्रा तालाला, चहाच्या खोक्याला काठी आणि दोरी लावून खर्ज. झाला बँड. लिव्हरपूलच्या जॉन लेननची सुरुवात अशाच टोळक्यातून झाली. ब्रिटनभर पोरं मिसिसिपीच्या रेल्वेची आणि कापसाच्या शेतांची गाणी म्हणू लागली. यांतल्या कोणी कापूस बघितला असेल तर तो औषधाच्या दुकानात!

इवान मॅकॉल या गायकाला, नाटककाराला आणि कट्टर कम्युनिस्टाला हे खटकलं. गंमत अशी की, परक्याचं सोडून आपलं शोधा असा लकडा लावणाऱ्यांत अमेरिकन लोमॅक्स आघाडीवर होता. लोमॅक्सनेच १९५६मध्ये पेगी सीगर या विशीतल्या अमेरिकन मुलीला लंडनला बोलावलं. ती पुढे मॅकॉलची जोडीदार झाली. पेगीने नंतर सांगितलेला किस्सा असा: त्यांच्या क्लबात एक अस्सल लंडनकर तेच 'रॉक आयलंड लाइन' आळवत होता आणि तिला हसू आवरेना. हसण्यावरून वाद झाला आणि वादातून नियम निघाला: त्या मंचावर ज्याने त्याने आपल्या भाषेतलं, आपल्या मातीतलं गावं. नियम होता एका क्लबापुरता. पण लोण पसरलं, आणि 'फोक पोलीस' हा टोमणा इंग्रजीत आला तो अशाच सोवळ्या मंडळींसाठी. मॅकॉल स्वतः इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा, जन्मनाव जिमी मिलर. आई-वडील स्कॉटिश म्हणून स्कॉटिश धाटणीने गायचा. सोवळ्यातलं ओवळं सगळीकडेच असतं.

तरी त्या नियमाचं ऋण मोठं आहे. तो नसता तर ब्रिटनमधल्या शेकडो बैठकांत आज बहुधा नॅशव्हिलच्या, म्हणजे अमेरिकन कंट्री संगीताच्या राजधानीच्या, नकला चालल्या असत्या. मी शेफील्डला गेले तेव्हा मला कोणी "इंग्रजी गाणं शिकून ये" म्हटलं नाही. "तुमच्याकडचं म्हणा" असंच म्हटलं. हा त्याच नियमाचा गोड चेहरा.

पबची माडी, चर्चचं तळघर

आता या खोल्यांत प्रत्यक्ष होतं काय?

इंग्लंडमधला फोक क्लब म्हणजे बहुधा पबची माडी किंवा मागची खोली, आठवड्यातून एक वार ठरलेला. चालवणारी मंडळी हौशी. नेहमीचे गायक ते 'रेसिडेंट'. पाहुणा कलाकार असेल तर त्याच्याआधी हजर लोकांपैकी कोणीही उठून एक-दोन गाणी म्हणावीत, त्यांना 'फ्लोअर सिंगर' म्हणतात. वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर गाणं तिथे अगदी सर्रास. मध्यंतरात लॉटरीची तिकिटं विकतात. बक्षीस वाइनची बाटली, फारच झालं तर चॉकलेटचा डबा. पाहुण्याच्या मानधनाला त्या तिकिटांचाच टेकू असतो. मला एकदा बाटली लागली आणि ती परत पुढच्या सोडतीला द्यायची असते हे कळायला मी तीन महिने घेतले.

अलिखित नियम बरेच. कडवं गाणाऱ्याचं, धृपद सगळ्यांचं. धृपद आलं की कोणी खुणावत नाही. अख्खी खोली तीन-चार वेगवेगळ्या सुरांत एकदम उचलते आणि अंगावर काटा येतो. पण कडव्यात तोंड उघडलंत तर मान वळते. शब्द पाठ हवेत. हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या महिन्यात मी मोबाइलवर बघून एक इंग्रजी गाणं म्हटलं. कोणी चकार शब्द बोललं नाही. टाळ्या झाल्या, नेहमीपेक्षा किंचित लवकर थांबल्या. विलायतेत रागावतात ते असं.

बॉस्टनच्या तळघरात हाच मोबाइल कोणाच्या खिजगणतीतही नसता, कारण तिथे पुस्तक हाच मधला खांब. १९८८मध्ये निघालेल्या त्या पुस्तकात बाराशे गाणी आहेत, शब्द आणि गिटारचे कॉर्ड, बस. पान क्रमांक सांगायचा, सगळ्यांनी मिळून म्हणायचं. पाळीचा नियम तीन शब्दांत: पिक, पास ऑर प्ले. म्हणजे सगळ्यांसाठी गाणं निवड, पाळी पुढे ढकल, किंवा तू एकटा ऐकव. सूर चुकला, ताल गेला, हरकत नाही. "शेअर केल्याबद्दल थँक यू" आहेच. तिकडच्या जाणत्या गायकांना हे पुस्तक आवडत नाही. माना खाली घालून वाचणारी माणसं एकमेकांना ऐकत नाहीत, अशी त्यांची तक्रार, आणि ती खरी आहे. पण चाळीस वर्षांत कधी तोंड न उघडलेला माणूस त्या तळघरात गायला लागलेला मी बघितलाय, हेही खरं.

जागेचाही यात हात आहे. अमेरिकेत हे जग कॉफीहाउसांत वाढलं. न्यू यॉर्क राज्यातलं १९६०चं कॅफे लीना आजही चालू आहे. याशिवाय चर्चची सभागृहं आणि लोकांच्या दिवाणखान्यांतल्या मैफली. दारू नाही, समोर बसलेला श्रोता आणि बोलत-बोलत गाणारा कलाकार. शिवाय अंतरं प्रचंड. इंग्लंडमध्ये गायकाला रोज रात्री तासा-दोन तासांवर नवा क्लब मिळतो. अमेरिकेत पुढच्या गावाला जायला दिवस मोडतो.

ब्रिटनमध्ये पब म्हटल्यावर कायदा आलाच. इंग्लंड-वेल्समध्ये पूर्वी पबमध्ये दोनपर्यंत वादक-गायक असतील तर करमणुकीचा वेगळा परवाना लागत नसे. तिसऱ्याने सूर लावला की काटेकोर अर्थाने बेकायदा! २००३च्या कायद्याने ही सवलत काढली आणि छोट्या बैठकांच्याही परवान्याचा प्रश्न आला. फोकवाले चवताळले. मॉरिस या पारंपरिक नृत्याला मात्र त्यात खास सूट मिळाली, हा खास ब्रिटिश विनोद. अखेर २०१२च्या कायद्याने लहान मैफलींची सुटका केली.

नुसत्या वाद्यांच्या बैठकीतही फरक ऐकू येतो. ब्रिटनमधल्या पबमध्ये, विशेषतः आयरिश धाटणीच्या 'सेशन'मध्ये, एक धून दोन-तीनदा वाजवून न थांबता दुसरी, मग तिसरी, असा 'सेट' करतात. मधल्या उडीची मजा असते. अमेरिकन ओल्ड-टाइम जॅममध्ये एकच धून दहा-दहा मिनिटं चालते. फिडल आणि बँजोवाले गुडघ्याला गुडघा लावून आत तोंड करून बसतात आणि पंधराव्या आवर्तनाला कुठेतरी तंद्री लागते. सूर-पट्टीही तासभर बदलत नाहीत, कारण साधं आहे: पट्टी बदलली की पाच तारांचा बँजो पुन्हा लावत बसावं लागतं.

गाणं चालतं का?

अमेरिकन मंडळींची सगळ्यांना गायला लावायची ही हौस आली कुठून? बरीचशी कामगार आणि नागरी हक्कांच्या चळवळीतून. पीट सीगर (पेगीचा सावत्र भाऊ) बँजो घेऊन उभा राहायचा, पुढची ओळ आधी ओरडून सांगायचा आणि पाच हजार माणसांकडून ती गाऊन घ्यायचा. सभेत गाणं उचललं जातं का, हीच त्याची कसोटी. ते कोणत्या जिल्ह्यातलं, याने मोर्च्याला काय फरक पडतो?

याचं एक टोक थेट आपल्या शाळांपर्यंत येतं. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या तंबाखू कामगारांनी १९४५-४६च्या संपात एक जुनं भक्तिगीत बदलून म्हटलं. ते टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या कार्यकर्त्यांच्या शाळेत पोचलं, तिथून पीट सीगरकडे, आणि १९६०मध्ये गाय कॅरवान या गायकाने ते कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चळवळीत नेलं. 'वी शॅल ओव्हरकम'. गिरिजाकुमार माथुरांच्या हिंदी शब्दांत आपण ते शाळेच्या मैदानावर म्हटलं आहे: हम होंगे कामयाब. कुठलं ते विचारायचं आपल्याला कधी सुचलं नाही. म्हणजे त्या बाबतीत आपण अमेरिकन पद्धतीचे झालो म्हणायचे.

ब्रिटनमध्येही राजकारण होतंच. अण्वस्त्रविरोधी मोर्चे १९५८पासून, आणि मॅकॉल-पेगीने चार्ल्स पार्करसोबत बीबीसीसाठी केलेली 'रेडिओ बॅलड्स', ज्यांत रेल्वेचे, खाणीतले, मासेमारीतले कामगार स्वतःच्या बोलीत बोलतात आणि त्यांच्याच शब्दांतून गाणी उगवतात. इथेही बघा, बोली हवी, गाव हवं.

कोणाच्या बापाचं?

दोन्ही पद्धतींची किंमत मोजावी लागते. १९६५मध्ये पॉल सायमन हा तरुण अमेरिकन गायक लंडनला होता. तिथे मार्टिन कार्थी या इंग्रज गायकाकडून त्याने 'स्कारबरो फेअर' उचललं, कार्थीच्या गिटारच्या मांडणीसकट. मॅकॉलने ते १९४७मध्ये टीसडेल भागातल्या एका निवृत्त शिसं-खाणकामगाराकडून घेतल्याचं नोंदवलंय. सायमन आणि त्याचा जोडीदार गारफंकल यांनी ते जगभर नेलं. तबकडीवर ना 'पारंपरिक' होतं, ना कार्थीचं नाव. कार्थी वर्षानुवर्षं धुमसत राहिला. (डिलननेही त्याआधी कार्थीकडून हेच गाणं ऐकून आपलं वेगळं गाणं बेतलं होतं, पण त्याने जाहीर आभार मानले, म्हणून तिथे तक्रार नाही.) शेवटी २०००मध्ये सायमनने लंडनच्या कार्यक्रमात कार्थीला मंचावर बोलावलं आणि दोघांनी ते एकत्र म्हटलं. सायमनला लुच्चा म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, तो ज्या वातावरणात वाढला तिथे गाणं जो गातो त्याचं असतं, आणि कार्थीच्या जगात ते ज्याच्याकडून आलं त्याचंही असतं.

उलट बाजू अशी की, 'मातीतलं' म्हटलं की मातीवर हक्क सांगणारेही येतात. ब्रिटनमधल्या अतिउजव्या पक्षाने इंग्रजी लोकसंगीत आपल्या झेंड्याखाली घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा २००९मध्ये गायकांनी 'फोक अगेन्स्ट फॅसिझम' नावाची मोहीम उघडली. मॉरिस नर्तकांच्या काही पथकांत तोंडाला काळं फासायची प्रथा होती. ती जुन्या वेषांतराची आहे की वंशभेदाची, यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. अखेर २०२०च्या जुलैमध्ये तिन्ही मॉरिस संघटनांनी मिळून ती बंद केली.

अमेरिकेतलं भांडण वेगळं: फळ्यांवरून पुसली गेलेली माणसं. बँजो हे आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी घडवलेलं वाद्य. पण विसाव्या शतकाअखेर ते गोऱ्या डोंगराळ माणसाचं चिन्ह होऊन बसलं होतं. २००५मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या बून गावी कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे भेटलेल्या रिआनन गिडन्स आणि मित्रांनी जो थॉम्पसन या ऐंशी पार केलेल्या कृष्णवर्णीय फिडलवादकाकडे जाऊन धुना शिकल्या आणि बँड काढला. त्यांच्या पुढच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. त्यांनी केलं ते अगदी ब्रिटिश पद्धतीने म्हणावं असं होतं: कोणाकडून आलं, ते आधी सांगा.

माझ्या ओवीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. बॉस्टनच्या त्या गिटारवाल्या गृहस्थांनी मध्यंतरी ध्वनिमुद्रण पाठवलं. चाल ओळखू येईल इतपत तीच आहे, खाली तीन कॉर्ड, आणि शब्द त्यांच्या आजीने पहाटे मळलेल्या पावाच्या कणकेबद्दल. सर्कलमध्ये सगळे म्हणतात म्हणे. शेफील्डच्या आजोबांचा गेल्या हिवाळ्यात मेसेज आला. त्यांच्या क्लबातल्या एका बाईंनी ओवी मराठीतूनच पाठ केली आहे आणि म्हणण्याआधी ती कुठली ते सांगायचंय, तर उच्चार 'वाई' की 'वै', आणि आजीचं माहेरचं गाव कोणतं, सासरचं कोणतं, दोन्ही हवीत. माहेर मला ठाऊक नव्हतं. मावशीला फोन केला. तिलाही आठवेना, म्हणाली, थोरल्या मामाला विचारून सांगते.